‘नकली’ अ‍ॅम्प आणि शुद्धतेचा बनावट इतिहास

१/
गिटारवादकांच्या जगातही सोवळे-ओवळे असते. खऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसमोर अ‍ॅम्पची नक्कल करणारे प्रीअ‍ॅम्प पेडल ठेवायचे आणि त्याचा ओव्हरड्राइव्ह म्हणून वापर करायचा, हा त्या सोवळ्यातला मोठा विटाळ. ‘अ‍ॅम्पमध्ये अ‍ॅम्प कशाला घालायचा?’ असा प्रश्न तुच्छतेने विचारला जातो आणि पाठोपाठ इतिहासाचा दाखला येतो: जुने थोर वादक गिटार थेट अ‍ॅम्पला जोडत, बाकी सारे नंतरचे खूळ. हा दाखला खोटा आहे. तो कसा, याचा हा धागा.

२/
आधी शब्दांचे अर्थ. गिटारच्या अ‍ॅम्पचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पिकअपकडून आलेला क्षीण संकेत मोठा करणारा आणि खर्ज, मध्य, ट्रेबल यांचे प्रमाण ठरवणारा तो प्रीअ‍ॅम्प. स्पीकर हलवण्याइतकी शक्ती पुरवणारा तो पॉवर अ‍ॅम्प. तिसरा भाग म्हणजे स्पीकर आणि त्याची पेटी. यांतील कोणत्याही भागाला झेपेल त्याहून अधिक संकेत मिळाला की तरंगाची शिखरे छाटली जातात, नवे उपस्वर जन्मतात आणि आवाज ‘फाटतो’. ओव्हरड्राइव्ह म्हणतात ते यालाच.

३/
प्रीअ‍ॅम्प पेडल म्हणजे एखाद्या विशिष्ट अ‍ॅम्पचा पहिला भाग पायाखालच्या डबीत बसवण्याचा प्रयत्न. अशा अनेक पेडलांत मूळ अ‍ॅम्पचा आराखडा घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एक फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर लावलेला असतो. मूळ व्हॉल्व्ह काही शे व्होल्टवर चालतो, पेडल नऊ व्होल्टवर. त्यामुळे नक्कल कधीच तंतोतंत होत नाही. हे मान्य करूनच पुढे जायचे आहे, कारण या वादातील पहिली चूक तंतोतंतपणाच्या हट्टातच आहे.

४/
आता इतिहास. १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प बिघडलेला होता. स्पीकरच्या कोनात कागद कोंबून वेळ मारून नेली गेली आणि त्या फाटक्या आवाजासकट तबकडी निघाली. म्हणजे ज्या ‘नैसर्गिक’ आवाजाची आज पूजा होते, त्याच्या वंशावळीच्या प्रारंभी एक नादुरुस्त यंत्र आहे.

५/
दुसरी घटना अधिक बोलकी आहे. मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे १९६१ मध्ये आले. त्यात ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बास गिटारचा तुकडा मध्येच भुंग्यासारखा गुणगुणतो. कारण काय? नॅशव्हिलच्या स्टुडिओतील ध्वनिमिश्रण मेजाची एक वाहिनी बिघडली होती. येथे गिटारच्या अ‍ॅम्पचा संबंधच नव्हता. फाटला तो मेजाचा प्रीअ‍ॅम्प. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने डबीत बसवला आणि १९६२ मध्ये गिब्सनच्या मेस्ट्रो या नाममुद्रेखाली ‘फझ-टोन’ बाजारात आला.

६/
या फझ-टोनची जाहिरात कशी झाली, हे शुद्धतावाद्यांनी अवश्य पाहावे. गिटारला ट्रम्पेट, ट्यूबा, सॅक्सोफोन यांसारखा आवाज देणारे यंत्र म्हणून ते विकले जात होते! नक्कल करण्यासाठीच त्याचा जन्म झाला. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची प्रसिद्ध सुरावट याच यंत्रातून वाजवली, तीही पुढे तिथे पितळी वाद्ये येतील या कल्पनेने, तात्पुरती खूण म्हणून. पितळी वाद्ये आलीच नाहीत. त्या तबकडीतील ट्रम्पेटची नक्कल वाईट आहे, अशी तक्रार साठ वर्षांत कोणी केल्याचे ऐकिवात नाही. नक्कल करायला निघालेले यंत्र स्वतःच एक आवाज होऊन बसले.

७/
आणि आता या प्रकरणाचा मुख्य साक्षीदार. साल १९६४, लंडन. द किंक्सचा किशोरवयीन गिटारवादक डेव्ह डेव्हिस याच्याकडे एल्पिको नावाचा एक छोटा, स्वस्त, हिरवट अ‍ॅम्प होता. त्याने दाढीच्या पात्याने त्याच्या स्पीकरचा कोन चिरला. आवाज हवा तसा फाटला, पण एवढ्याशा अ‍ॅम्पला बळ कुठले? म्हणून एल्पिकोचा स्पीकरकडे जाणारा संकेत त्याने व्हॉक्स एसी३० या मोठ्या अ‍ॅम्पच्या तोंडात जोडला. ‘यू रिअली गॉट मी’ची ती कर्कश, करवतीसारखी गिटार अशी जन्मली.

८/
येथे थोडे थांबले पाहिजे. एक छोटा अ‍ॅम्प, त्याचा स्वतःचा गुणधर्म, त्याचा स्वतःचा फाटकेपणा. आणि तो दुसऱ्या मोठ्या अ‍ॅम्पच्या दर्शनी जोडणीत ओतलेला. आज प्रीअ‍ॅम्प पेडल अ‍ॅम्पला जोडणारा मुलगा याहून वेगळे काय करतो? फरक एवढाच की त्याला पाते लागत नाही आणि विजेचा धक्का बसण्याची भीतीही नाही. (डेव्हिसची जोडणी कोणीही घरी करून पाहू नये.) ज्या गाण्याने रॉक गिटारचा फाटका आवाज घराघरांत पोहोचवला, ते गाणेच ‘अ‍ॅम्पमध्ये अ‍ॅम्प’ या पापातून निपजले आहे. जाता जाता: त्यातील सोलो जिमी पेजने वाजवला, ही अफवा अजून फिरते. तो डेव्हिसनेच वाजवला आहे. पेजनेही ते श्रेय कधी घेतले नाही.

९/
‘पण तो प्रयोग होता, परंपरा नव्हे,’ असे यावर म्हटले जाते. ठीक आहे, परंपरा पाहू. ज्या एसी३०चा ‘टॉप बूस्ट’ आवाज आज अस्सल ब्रिटिश म्हणून वाखाणला जातो, तो मुळात त्या अ‍ॅम्पमध्ये नव्हताच. अधिक ट्रेबल हवा म्हणून वादकांनी तक्रार केली, तेव्हा व्हॉक्सने एक जादा व्हॉल्व्ह आणि सूर-नियंत्रक असलेले वेगळे युनिट तयार केले आणि ते अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला बसवून दिले जाऊ लागले. पुढे ते आतच समाविष्ट झाले. कालची उपरी जोडणी आज ‘मूळ’ ठरली, आणि त्या मूळाच्या नावाने नव्या जोडणीला नाके मुरडली जातात.

१०/
मार्शलचे तर विचारूच नये. जिम मार्शल हा पेशाने ड्रमवादक आणि ड्रमचा शिक्षक. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे त्याचे वाद्यांचे दुकान होते. तिथे येणाऱ्या तरुण वादकांना अमेरिकी फेंडर अ‍ॅम्प हवे असत, पण आयात मालाची किंमत परवडत नसे. तेव्हा दुकानातील दुरुस्ती पाहणारा केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बासमन’चा आराखडा समोर ठेवून १९६२-६३ च्या सुमारास जेटीएम४५ बनवला. मंडल जवळजवळ तेच. पहिला व्हॉल्व्ह अधिक गेनचा, आणि दहा इंची स्पीकरांच्या उघड्या पेटीऐवजी बारा इंची सेलेस्टियन स्पीकरांची बंद पेटी.

११/
म्हणजे रॉक संगीताचा आद्य ‘खरा’ अ‍ॅम्प ही महाग परदेशी मालाची परवडणारी स्थानिक नक्कल होती. आणि ज्याची नक्कल झाली, तो बासमन गिटारसाठी नव्हे, तर बाससाठी बनवलेला; शिवाय लिओ फेंडरला अ‍ॅम्पमधून आवाज फाटलेला मुळीच नको होता. नकलेतून, चुकीच्या वापरातून आणि तडजोडीतून जे घडले, त्याला पावित्र्याचा टिळा लावायचा आणि तसेच आज कोणी केले की त्याला बाटगा म्हणायचे, ही कोणती न्यायबुद्धी?

१२/
‘थेट अ‍ॅम्पला’ या दंतकथेचे नायकही तपासून घ्यावेत. ब्रायन मे आणि रॉरी गॅलाहर यांच्या गिटार आणि एसी३० यांच्यामध्ये ट्रेबल बूस्टर असे. टोनी आयोमीच्या लेनी अ‍ॅम्पपुढेही तेच यंत्र होते, तेही आतून फेरफार केलेले. १९६० च्या दशकातील ‘डॅलस रेंजमास्टर’ या बूस्टरमध्ये होता एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. तो खर्ज छाटून बाकीचा संकेत फुगवी आणि अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हला घाम फोडी. हा प्रीअ‍ॅम्प नव्हे तर काय? एको देणाऱ्या ‘एकोप्लेक्स’ या टेपयंत्राचीही तीच कथा. एको बंद ठेवूनही गिटार त्यातून नेली जाई, कारण त्याचा प्रीअ‍ॅम्प आवाजाला एक वेगळी धार देई. आज टेप वगळून फक्त तो प्रीअ‍ॅम्प पेडलरूपाने विकला जातो.

१३/
अपवाद आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर जो अल्बम केला, त्यात मार्शल कॉम्बोचा आवाज वाढवून, त्या अ‍ॅम्पलाच फाडून तो स्वर मिळवला, असेच मानले जाते. पण त्यासाठी स्टुडिओच्या शिस्तीला न मानवणारा आवाज ठेवावा लागला आणि ध्वनिमुद्रकांशी वादही झाला. (इतिहासप्रेमींसाठी एक सापळा: तो कॉम्बो ‘मार्शल १९६२’ म्हणून ओळखला जातो. हा आकडा मॉडेलचा क्रमांक आहे. सालाशी त्याचा काही संबंध नाही.) ती पद्धत थोर आहेच. फक्त ती एकमेव नव्हती, आणि सर्वांना परवडणारी तर कधीच नव्हती.

१४/
पुढचे पाऊल कॅलिफोर्नियात पडले. रँडल स्मिथने आधी फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये मोठे बळ भरले. मग ली मायकल्स या वादकासाठी प्रीअ‍ॅम्प बनवताना त्याने एका व्हॉल्व्ह टप्प्यापुढे आणखी एक टप्पा जोडला आणि प्रत्येकाचा गेन स्वतंत्र ठेवला. मेसा/बूगीच्या अ‍ॅम्पांचे रहस्य ते हेच. टप्प्यामागे टप्पा. आधुनिक ‘हाय-गेन’ अ‍ॅम्प ज्याला म्हणतात, तो एका पेटीत एकामागे एक बसवलेले प्रीअ‍ॅम्पच असतात. तोच जादा टप्पा पेटीच्या बाहेर, पेडलमध्ये ठेवला की मात्र तो ‘नकली’!

१५/
अनुकरण करणारी यंत्रे उघडपणे अवतरली ती १९८० च्या दशकात. बोस्टन या वाद्यवृंदाचा टॉम शोल्झ याने १९८२ मध्ये ‘रॉकमन’ आणला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टाचा ‘सॅन्सअ‍ॅम्प’ आला. नावातच ‘अ‍ॅम्पशिवाय’ असा अर्थ, कारण तो थेट ध्वनिमिश्रण मेजाला जोडण्यासाठी होता. वादकांनी मात्र सूचनापुस्तिकेला फारशी किंमत दिली नाही. १९९३-९४ च्या दौऱ्यात कर्ट कोबेनच्या पायाशी सॅन्सअ‍ॅम्प होता, आणि मागे अ‍ॅम्पही होतेच.

१६/
पण या धाग्यातील सर्वांत गोड साक्ष मार्शल कंपनीचीच. १९८८ मध्ये तिने ‘गव्हनर’ हे पेडल काढले. मार्शल अ‍ॅम्पचा आवाज डबीत, तोही खर्ज, मध्य आणि ट्रेबल यांच्या तीन स्वतंत्र खुंट्यांसह. दोन वर्षांनी गॅरी मूरचा ‘स्टिल गॉट द ब्लूज’ हा अल्बम आला. लेस पॉल गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प यांच्या ‘शुद्ध’ संयोगाचा नमुना म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. त्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि जेटीएम४५ यांच्यामध्ये गव्हनर होता. मार्शलची नक्कल, मार्शलच्या तोंडात! कान मिटून जयजयकार करणाऱ्यांना तीस-पस्तीस वर्षांत विटाळ जाणवला नाही.

१७/
आता विरोधकांचा एक आक्षेप खरा आहे, त्याची बूज राखली पाहिजे. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. फाटलेल्या आवाजातील बोचरे उपस्वर तो गाळतो. म्हणूनच तो आवाज कानाला सुसह्य होतो. सॅन्सअ‍ॅम्पसारख्या यंत्रात स्पीकरच्या या गाळणीचेही अनुकरण असते. असे यंत्र खऱ्या अ‍ॅम्पला जोडले की आवाज दोनदा गाळला जातो आणि घोंगडीखाली गुदमरल्यासारखा येतो. ज्या पेडलमध्ये स्पीकरचे अनुकरण बंद करण्याचा खटका आहे, तिथे तो बंद करावा. खटका नसेल तर अ‍ॅम्पचा ट्रेबल उघडावा लागतो, आणि तेवढ्याने नेहमीच भागते असे नाही.

१८/
दुसरी अडचण सूर-नियंत्रकांची. फेंडरच्या घडणीत मध्य स्वरांना खळगा पडतो. हा त्या मंडलाचा स्वभाव आहे. फेंडरची नक्कल करणारे पेडल फेंडर अ‍ॅम्पपुढे ठेवले तर खळग्यात खळगा पडतो आणि वाद्यवृंदात गिटार नाहीशी होते. उलट मार्शलची घडण असलेले पेडल स्वच्छ फेंडरपुढे ठेवले तर एकाचा भरीव मध्य दुसऱ्याचा खळगा भरून काढतो. हे ज्ञान दुकानातल्या किंमतपट्टीवर मिळत नाही. कानाने मिळवावे लागते. मिडलची खुंटी फिरवून पाहायला पैसे पडत नाहीत.

१९/
यावर एक ‘मध्यममार्गी’ फतवाही निघतो: प्रीअ‍ॅम्प पेडल वापरायचेच असेल तर अ‍ॅम्पच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्येच जोडावे, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प वगळला जाईल. ज्याला एका अ‍ॅम्पची जागा दुसऱ्याने घ्यावी असे वाटते, त्याच्यासाठी हा सल्ला उत्तमच. पण येथे हेतूच निराळा आहे. येथे पेडलला अ‍ॅम्पची जागा घ्यायची नसते. अ‍ॅम्पला ढकलायचे असते. पेडलचा गेन कमी, आवाज चढता, आणि पुढे फुटण्याच्या बेतात असलेला व्हॉल्व्ह. अशा वेळी दोन टप्पे थोडे थोडे फाटतात आणि तो मिलाफ एकट्या कोणाकडूनच मिळत नाही. दर्शनी जोडणीतून गेल्याशिवाय हे घडणारच नाही. शिवाय अनेक जुन्या अ‍ॅम्पांना इफेक्ट्स रिटर्न नसतेच.

२०/
दुसऱ्या अ‍ॅम्पसमोर ठेवलेली नक्कल मग नक्कल उरत नाही. तो एक टप्पा होतो, रेंजमास्टरसारखा, एल्पिकोसारखा. तो मूळ अ‍ॅम्पशी किती जुळतो हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो. फझ-टोन ट्रम्पेटशी जुळला नाही म्हणून कोणाचे काय अडले?

२१/
मराठी वाचकाला हा सोवळ्याचा खेळ नवा वाटू नये. हार्मोनियमच्या बाबतीत तो येथे होऊन गेला आहे. पेटीतून मींड निघत नाही, तिचे स्वर साचेबंद, ती परदेशी, असे म्हणत मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडले. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. मींड पेटीतून खरोखरच निघत नाही. पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या रसिकांना आणि नाट्यसंगीताच्या श्रोत्यांना ती परकी आहे हे कोणी पटवू शकले नाही. वाद्याची मर्यादा सांगणे वेगळे. मर्यादेच्या नावाखाली ते वाजवणाऱ्याला दाराबाहेर उभे करणे वेगळे.

२२/
आणि दाराबाहेर कोण उभे राहते, हेही पाहावे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाढवायचा तर जागा हवी, शेजारी नसावेत आणि खिसा जड असावा. भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये किंवा पुण्यातल्या वाड्याच्या खोलीत शंभर वॉटचा मार्शल ‘नैसर्गिकपणे’ फाडून दाखवा म्हणणे हा सल्ला नव्हे, थट्टा आहे. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजला, तेच खुले नाट्यगृह पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रॉकला पारखे झाले. महाविद्यालयीन महोत्सवात तर अ‍ॅम्प आयोजक देतील तो. वादकाच्या हाती उरते ती पाठीवरच्या पिशवीतली डबी. त्या अनोळखी अ‍ॅम्पपुढे आपला आवाज घेऊन उभे राहण्याचे ते साधन आहे. त्यालाच ‘नकली’ म्हणून हिणवणाऱ्यांना संगीताची चाड आहे की आपल्या महागड्या सामानाची, याचा निवाडा वाचकांनी करावा.

२३/
शेवटची नोंद. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मार्शलने आपल्या त्याच ‘१९६२’ कॉम्बोचा आवाज डबीत आणणारे ‘ब्लूजब्रेकर’ पेडल काढले. त्याने त्या कॉम्बोची हुबेहूब नक्कल कधीच केली नाही. स्वच्छ अ‍ॅम्पपुढचा सौम्य ओव्हरड्राइव्ह म्हणून मात्र त्याने नाव कमावले आणि त्याच्या मंडलावरून ‘किंग ऑफ टोन’सारखी पेडले निघाली. २०२३ मध्ये मार्शलने गव्हनर, ब्लूजब्रेकर आणि त्यांची भावंडे नव्याने बाजारात आणली. तेव्हापासून एक नवा वाद रंगला आहे: जुन्या मूळ पेडलांची सर या नव्या नकलांना आहे का?